एफटी-१०१ई: रिसीव्हर मधूनच बहिरा होतो, पीटीटी दाबली की परत येतो

कोकणी_डायपोल (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब झालीये, सांभाळून घ्या.

माझ्याकडे यासूचा एफटी-१०१ई हा हॅम (हौशी) रेडिओचा सेट आहे, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकातच, सत्तरच्या दशकातला. सांगलीच्या एका ज्येष्ठ हॅमचा होता, ते सायलेंट की झाले (म्हणजे वारले) आणि त्यांच्या मुलाने वापरणाऱ्याकडेच जाऊदे म्हणून मला दिला. बरीच वर्षं माळ्यावर खोक्यात पडून होता पण अवस्था उत्तम, डायल लखलखीत, ड्रायव्हरची १२बीवाय७ए आणि फायनलच्या (शेवटच्या पॉवर टप्प्याच्या) दोन्ही ६जेएस६सी नळ्या पेटतात, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) प्लेट करंटचा डिप नीट मिळतो, पॉवर निघते, ऐकणारे ऑडिओ छान आहे म्हणतात. म्हणजे ट्रान्समिटची काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती रिसीव्हची. सकाळी ४० मीटर बँडवर नेट (हॅम लोकांची ठरलेल्या वेळची बैठक) ऐकत बसलोय, सगळे खणखणीत येतायत आणि बोलता बोलता समोरचा गायब. आवाज फाटत नाही, खरखर होत नाही, अख्खा बँडच गपकन बसतो, बँडचा नॉइजसुद्धा. नीट कान दिला तर जोरातली स्टेशनं पार तळाशी कुजबुजताना ऐकू येतात, बाकी सामसूम. मग कधी आपोआप येतो, कधी कॅबिनेटवर थाप मारली की येतो, आणि पीटीटी (बोलताना दाबायचं माइकचं बटण) दाबून सोडली की तर हमखास येतो. पाऊस सुरू झाल्यापासून प्रकार वाढलाय. कधी अख्खी संध्याकाळ काही होत नाही, कोणाला दाखवायला बोलावलं की त्या दिवशी तर हमखास गुणी बाळ.

कोॲक्स बदलून झाली, पीएल-२५९ कनेक्टर नवीन लावले, त्याच अँटेनावर मित्राचा नवा सेट लावून बघितला, त्याला काही होत नाही. म्हणजे अँटेना निर्दोष. इकडच्या एका रिपेअरवाल्याला दाखवला तर झाकण न उघडताच म्हणाला सगळे कंडेन्सर बदलायला लागतील, ठेवून जा. मन होईना, परत घेऊन आलो.

मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग बऱ्यापैकी जमतं, स्कोप नाही. सुरुवात कुठून करू? आणि प्लीज "विकून नवा घ्या" असं नको.

सोल्डर_आबा (पुणे)

"पीटीटी दाबली की हमखास येतो" हे लिहिलंत तिथेच माझा एका जागेवर संशय गेला, पण आत्ता नाव घेत नाही, नाहीतर तुम्ही तेवढंच बघाल.

अधूनमधून येणारा फॉल्ट असला की तो हजर असताना मोजायचं असतं. तो नसताना सेट चांगलाच असतो, कितीही ठोका. आणि तो आला की माणूस पहिली थाप मारतो आणि पुरावा घालवून बसतो. तर पुढच्या वेळी बहिरा झाला की हात मागे, थाप नाही, पीटीटी नाही, आधी एस मीटरकडे (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) बघा.

मीटर पण खाली पडलाय आणि आवाज पण गेलाय, तर बिघाड अँटेनापासून आयएफच्या (मधल्या फ्रीक्वेन्सीच्या टप्प्यांच्या) शेवटापर्यंत कुठेतरी. मीटर स्टेशनबरोबर नाचतोय पण स्पीकर गप्प, तर ऑडिओ. मीटर उजवीकडे जाऊन चिकटलाय आणि आवाज दबलाय, तर एजीसी (गेन आपोआप कमीजास्त करणारं सर्किट). नुसत्या डोळ्यांनी सेटचे तीन भाग पडतात, स्कोप लागत नाही.

मग मार्कर चालू करा. या सेटमधे १०० आणि २५ किलोहर्ट्झचा क्रिस्टल कॅलिब्रेटर आहे, त्याचा मुख्य उपयोग डायल जुळवणं हा, पण आपल्या कामाला तो आयता सिग्नल जनरेटर आहे. ७१०० किलोहर्ट्झवर लावा. सेट चांगला असताना त्यावर एस मीटर किती जातो ते आजच पेन्सिलने लिहून ठेवा. बहिरा झाल्यावर मार्कर तेवढाच वाजला तर आरएफ अँपपासून पुढचं सगळं शाबूत, भानगड अँटेना सॉकेट आणि रिसीव्हरच्या तोंडामधल्या हातभर वायरीत. मार्करपण मेला तर पुढे शोधायचं. त्याच वेळी प्रीसिलेक्टर (रिसीव्हरचं तोंड ट्यून करायचा नॉब) फिरवून बघा पीक येतो का, आणि बँड बदलून २० मीटरला तेच होतं का. एकाच बँडला असेल तर बँडस्विचचा वेफर किंवा त्या बँडचा क्रिस्टल.

बाहेरच्या स्टेशनवर भरवसा ठेवून निकाल लावू नका, ४० मीटरला सकाळी क्यूएसबी (सिग्नल आपोआप कमीजास्त होणं) असतोच, त्यात आणि फॉल्टमधे फरक कळत नाही. मार्करला क्यूएसबी नसतो.

शेवटची परीक्षा: समोरचा हीटरचा स्विच बंद करा, नळ्या थंड होऊ द्या आणि मग पीटीटी दाबा. पॉवर काही निघणार नाही पण रिले टकटक करतील. नुसत्या त्या टकटकीने रिसीव्ह परत आला तर काय समजायचं ते समजा.

एवढं करून या, मग बोलू.

लोडिंग_पाटील (डोंबिवली)

आबांचं बरोबर असेल पण माझं मत सरळ आहे, ५० वर्षांच्या आसपासचा सेट, त्यातले इलेक्ट्रोलिटिक केव्हाच वाळलेले असणार, आज नाही तर उद्या बदलायचेच आहेत तर आत्ताच बदलून टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळी व्हॅल्यू मिळतात, १०५ डिग्रीवाले घ्या. आणि एक चांगल्यापैकी कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, सगळे स्विच, सगळे प्लगइन बोर्डांचे कनेक्टर, पॉट, सगळीकडे मारा, निम्मे सेट तेवढ्यावर चालू होतात. मी तर आधी स्प्रे मारतो मग विचार करतो 😄

सोल्डर_आबा (पुणे)

पाटील, इलेक्ट्रोलिटिक गेला की हम (गुणगुण) येतो, रिपल वाढतो, एचटी (नळ्यांचं हाय व्होल्टेज) बसतं, ऑडिओ मोटरबोटिंग करतो (बोटीसारखा भकभकतो). पीटीटीची टकटक ऐकून वाळलेला कंडेन्सर ओला होत नाही. बदलायचे असतील तर खुशाल बदला, मी पण सांगणार आहेच, पण हा फॉल्ट सापडल्यावर. आत्ता ४०-५० जागी सोल्डर केलं आणि त्यात एक जॉइंट ड्राय राहिला की मूळ फॉल्ट एक आणि तुमचा एक, मग बसा शोधत.

स्प्रेचंही तेच. सगळीकडे मारला, चार दिवस चाललं, कशाने चाललं ते कळलं नाही, पुढच्या पावसात परत. शिवाय व्हीएफओच्या (डायलने फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या) आत फवारा गेला तर फ्रीक्वेन्सी किती दिवस सरकत राहील सांगता येत नाही.

बोर्डांच्या कनेक्टरचा मुद्दा मात्र रास्त आहे. या सेटचे बरेचसे बोर्ड काढघाल करायचे आहेत आणि वर्षानुवर्षं न हलवलेले संपर्क काळे पडतात. मार्कर मेला तर पहिलं तेच बघायचं, बोर्ड काढून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या कपड्याने बोर्डाच्या कडेचे संपर्क पुसायचे, पेन्सिलचं खोडरबर फार घासायचं नाही, वरचा मुलामा पातळ असतो.

डिटडा_ताई (नाशिक)

उघडायच्या आधी माझं ऐका, कारण वर सगळ्यांनी फॉल्टवर लिहिलंय आणि फायनलच्या प्लेटला सुमारे ६०० व्होल्ट डीसी असतं ते कोणी बोललं नाही. ट्रान्झिस्टर सेटवर हात बसलेल्या माणसाला याची सवय नसते. हीटर बंद केला म्हणजे एचटी गेलं असं मुळीच नाही, हीटरचा स्विच फक्त नळ्यांचे फिलामेंट बंद करतो, सेट ऑन आहे तोवर ६०० तिथेच बसलेले असतात. हात घालायचा तर प्लग भिंतीतून बाहेर, नुसता स्विच ऑफ नाही, मग थोडं थांबा, मग मीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून फिल्टर कंडेन्सरवर खरंच शून्य आलंय का ते बघा, मगच. सेट चालू ठेवून काडीने ठोकायचं असेल तर एक हात खिशात, पायात चप्पल, अंगठी काढून ठेवा, आणि फायनलच्या पिंजऱ्याचं झाकण उघडूच नका, रिसीव्हच्या फॉल्टसाठी तिकडे जायची गरज नाही.

ठोकायला बांबूची काडी घ्या, स्क्रूड्रायव्हरची मूठ नको.

आणखी दोन गोष्टी. मागे ११ पिनचा ॲक्सेसरी प्लग असतो, त्याच्या आत फायनलच्या हीटरचा जंपर आहे. सेट उलटासुलटा करताना तो निघाला किंवा ढिला झाला की फायनल पेटत नाहीत, आणि लोक नळ्या गेल्या म्हणून रडत बसतात. आधी तो प्लग बघायचा. दुसरं, ट्रान्सफॉर्मरला १०० पासून २३४ पर्यंत टॅप आहेत. तुमचा कुठल्या टॅपवर आहे ते एकदा बघून घ्या, बाहेरून आलेले बरेच सेट खालच्या टॅपवर असतात आणि आपल्याकडे रात्री लाइन २४० च्या वर गेली की हीटर आणि एचटी दोन्ही उगाच चढतात, आणि आता ६जेएस६सी काय भावाने मिळतात ते माहीतच असेल.

कोकणी_डायपोल (रत्नागिरी)

आबा, ताई, पाटील साहेब, सगळ्यांचे आभार. पाटील साहेब, स्प्रेचा मोह झाला होता, आवरला.

टॅप बघितला, २३४ वरच आहे, सांगलीच्या काकांनी नीट करून ठेवलंय.

आता निकाल. मार्करचं रीडिंग आधी लिहून ठेवलं होतं. दोन दिवस पठ्ठ्या बहिरा होईचना, मग काल संध्याकाळी जोराची सर आली आणि बसला. हात बांधून बसलो. एस मीटर पूर्ण शून्यावर. मार्कर लावला, ७१०० वर ठणठणीत, लिहिलेलं रीडिंग जसंच्या तसं. प्रीसिलेक्टर फिरवला की मार्करला छान पीक येतोय. २० मीटरला गेलो, तिथेही बँड मेलेला आणि मार्कर जिवंत. अँटेना काढली आणि परत लावली तर आवाजात काडीचा फरक नाही, म्हणजे रिसीव्हरच्या दृष्टीने अँटेना लावलेलीच नव्हती.

मग हीटर बंद करून थांबलो आणि पीटीटी दाबून सोडली. टक, आणि बँड धाडकन परत, एस मीटर उडून वर. बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली काय झालं म्हणून, मीच ओरडलो होतो बहुतेक.

म्हणजे रिले ना? पण मग एक कळत नाही. प्लग काढून, ताईंनी सांगितलं तसं तपासून मीटरने रिलेच्या त्या संपर्कावर कंटिन्यूटी बघितली तर बीप वाजतो आणि शून्य ओम दाखवतो. आणि ट्रान्समिट तर एकदाही अडला नाही. तोच रिले, तोच सॉकेट, तिकडे १०० वॅट जातात आणि इकडे ऐकूच येत नाही?

न्यूजर्सीचे_नाना

डायपोलराव, अगदी म्हणूनच रिले. इकडे आमच्या क्लबात हे जुने डबे दुरुस्तीला येतात त्यात हा आजार वारंवार दिसतो, आणि सगळे तुमच्यासारखंच विचारतात, मग ट्रान्समिट कसा चालतो.

हिशोब करून बघा. ट्रान्समिटला १०० वॅट ५० ओममधे म्हणजे सुमारे १.४ अँपिअर आरएफ करंट. संपर्कावर थोडा मळ असला तरी तेवढा करंट आणि मागचं व्होल्टेज त्यातून वाट काढतं. आता रिसीव्हला बघा, एचएफवर एस ९ चा सिग्नल म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट, ५० ओममधे तो करंट झाला १ मायक्रोअँपिअर. दहा लाख पटीहून जास्त फरक. एस ९ चं स्टेशन तुम्हाला कान फाटेस्तोवर ऐकू येतं पण संपर्कावरच्या पापुद्र्याला भोक पाडायची ताकद त्यात नाही. त्यात रिसीव्हची बाजू म्हणजे रिले सुटलेला असतानाची, ती नुसत्या स्प्रिंगच्या दाबाने टेकते, कॉइलची ओढ तिच्या मदतीला नसते.

पापुद्रा कसला, तर संपर्क चांदीचे असतात, हवेतल्या गंधकाने त्यावर काळा थर धरतो, देव्हाऱ्यातली निरांजनं काळी पडतात तोच प्रकार. दमट हवेत तो लवकर धरतो, वर तुमच्याकडे खारा वारा, आणि सेट बरीच वर्षं न हलता पडलेला. पीटीटी दाबली की संपर्क उचलला जातो आणि परत टेकताना जरासा घासतो, थर फाटतो, सेट ऐकायला लागतो, परत थर धरेपर्यंत. थाप मारली की तेच, थोडं कमी प्रमाणात. आणि जोरातली स्टेशनं कुजबुजतात ती उघड्या संपर्काच्या काही पिकोफॅरड कपॅसिटन्समधून झिरपून.

मीटरचा बीप मनावर घेऊ नका. मीटर ओम मोजताना स्वतःचं व्होल्टेज लावतो, दीड-दोन व्होल्ट सुद्धा त्या थराला फोडायला पुरतात, वर तुम्ही प्रोब दाबलात तेव्हा पत्ती हलली असेल. मोजायला गेलात आणि मोजण्यानेच तो तात्पुरता बरा झाला.

आता खात्री करून घ्यायची एक पद्धत, पण इशारा आधी. माइक काढून कपाटात ठेवा आणि हीटर बंद. प्लग काढून, एचटी उतरल्याचं बघून, अँटेना रिलेच्या रिसीव्ह संपर्कावर आडवा ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर तात्पुरता टाका. अँटेना सॉकेटपासून वायर धरत जा म्हणजे दोन रिलेंपैकी तो कुठला ते सापडेल. आता रिलेचा संपर्क तुटला तरी सिग्नल कपॅसिटरमधून जाईल. नुसता ऐकत बसा, पावसाळी दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं. एकदाही बहिरा झाला नाही तर गुन्हेगार सापडला. या अवस्थेत चुकूनही ट्रान्समिट करू नका, सगळी पॉवर त्या कपॅसिटरमधून थेट रिसीव्हरच्या तोंडात जाईल आणि मग आरएफ अँपसाठी वेगळी पोस्ट टाकायला लागेल. कपॅसिटर आहे तोवर सेटवर चिठ्ठी लावा.

सिद्ध झालं की साफसफाई. रिलेचं प्लास्टिकचं कव्हर हलक्या हाताने काढा. पॉलिश पेपर नाही, फाइल नाही, ब्लेड तर नाहीच, चांदीचा थर गेला की संपलं. साधं खडबडीत कागदाचं व्हिजिटिंग कार्ड, गुळगुळीत लॅमिनेटवालं नको, त्याची काडीएवढी रुंद पट्टी कापा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमधे ओली करा, पत्ती जेमतेम उचलून संपर्कांमधे सरकवा, पत्ती सोडा, पट्टी स्प्रिंगच्याच दाबाखाली बाहेर ओढा. काळी रेघ येईल. नवी पट्टी घ्या, रेघ यायची थांबेपर्यंत. शेवटची पट्टी कोरडी. पत्ती वाकवायची नाही, दाब बदलला तर आज बरा वाटेल आणि ट्रान्समिटच्या बाजूचं अंतर बिघडेल.

हात घातलाच आहे तर अजून एक जागा. रिसीव्हरकडे जाणाऱ्या अँटेनाच्या वाटेत एक छोटा बल्ब सिरीजमधे असतो, जवळच्या जोरदार ट्रान्समीटरपासून रिसीव्हर वाचवायला फ्यूज म्हणून. तो बल्ब ढिला असेल किंवा त्याचा सोल्डर कोरडा असेल तर लक्षणं अगदी हीच. मार्कर शाबूत, अँटेना मेलेली. काडीने त्याला जरा टिचकी मारून बघा.

नवा_व्हीयू३ (लातूर)

नाना, मधेच विचारतो. मी घरी बनवलेल्या छोट्या सेटमधे अँटेनाला साधे काळे चौकोनी रिले वापरलेत, मला पण हे होणार का?

न्यूजर्सीचे_नाना

ते बंद डबीतले असतील तर बाहेरची हवा कमी लागते, त्यामुळे उशिरा होईल, पण पॉवरचे मोठे रिले रिसीव्हच्या वाटेत घालू नका, त्यांचे संपर्क अँपिअरसाठी असतात, मायक्रोअँपिअरसाठी नाही. डेटाशीटमधे कमीत कमी किती व्होल्ट आणि किती करंटला चालेल ते दिलेलं असतं, सगळे फक्त जास्तीत जास्त बघतात. सिग्नल रिले मिळाले तर सोन्याचा मुलामा असलेले घ्या, कमी पॉवरला ते पुरतात. नाहीतर रिसीव्ह असताना संपर्कातून दोन-चार मिलिअँपिअर डीसी सोडत राहायचं, दोन्ही बाजूंना ब्लॉकिंग कपॅसिटर आणि चोकमधून फीड, थर धरला तरी तो डीसी त्याला फोडत राहतो.

कोकणी_डायपोल (रत्नागिरी)

मंडळी, पत्ता लागला. जरा सविस्तर लिहितो म्हणजे पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

नानांनी सांगितलेला कपॅसिटर लावला, माइक खरंच कपाटात, सेटवर लाल पेनाने चिठ्ठी. आठवडाभर नुसता ऐकत होतो, त्यात धो धो पाऊस, घरातली काडेपेटी पेटत नव्हती एवढी हवा दमट, सेट एकदाही बसला नाही. कपॅसिटर काढला, त्याच रात्री बहिरा. याहून जास्त पुरावा काय पाहिजे.

मग कव्हर काढून टॉर्च आणि भिंगाने बघितलं. ट्रान्समिटच्या बाजूचा संपर्क बऱ्यापैकी पांढरा, मधे बारीक खड्डे. रिसीव्हच्या बाजूचा एकसारखा काळपट निळा, त्यावर मधोमध केसाएवढी एक चकचकीत रेघ, पत्ती घासायची ती तेवढीच जागा असणार. व्हिजिटिंग कार्डाची पहिली पट्टी ओढली तर काजळीसारखी रेघ उठली. पट्ट्या बदलत गेलो, शेवटी कोरी यायला लागली तेव्हा थांबलो.

बल्बाचं पण खरं निघालं! सेट चालू, एक हात खिशात, बांबूच्या काडीने त्याला टिचकी मारली की एस मीटर थरथरायचा. प्लग काढून, एचटी तपासून भिंगातून बघितलं तर एका पायाच्या सोल्डरभोवती बारीक राखाडी गोल चीर, आणि सोल्डरचा रंगही आजूबाजूच्या जॉइंटपेक्षा वेगळा, म्हणजे आधी कोणीतरी तिथे हात लावून गेलंय. जुनं सोल्डर पंपाने ओढून घेतलं, पाय खरवडून नवीन केलं. आता टिचकीला मीटर हलत नाही. म्हणजे पीटीटीने परत येणारा फॉल्ट रिलेचा होता आणि थापेने परत येण्यात या बल्बाचा पण वाटा असावा.

सेट परत बसवला तर फायनल पेटेनात, ताईंचं वाचलेलं असल्यामुळे हात थेट मागच्या ११ पिनच्या प्लगवर गेला, ढिला झाला होता, दाबला, पेटल्या.

तेव्हापासून रोज सकाळी नेटवर आहे, गणपतीपर्यंत असाच टिकला तर मी जिंकलो. रिपेअरवाल्याला सांगायला जाणार नाही, उगाच त्याचं मन कशाला मोडा.

आता एक नवीन, किंवा जुनंच असेल पण आता रिसीव्ह स्थिर झाल्यामुळे लक्षात आलं. डायल फिरवताना एका ठराविक भागात फ्रीक्वेन्सी बारीकशी उडी मारते, स्टेशनचा आवाज क्षणभर बदकासारखा होतो आणि मग जागेवर येतो किंवा येत नाही. डायल सोडून दिला की स्थिर असतो. हे कशाने?

लोडिंग_पाटील (डोंबिवली)

अभिनंदन! व्हिजिटिंग कार्डाची आयडिया उचलली. तरी इलेक्ट्रोलिटिक बदलाच म्हणतो मी 😄

सोल्डर_आबा (पुणे)

पाटलांचं आता ऐका, एचटीचे मोठे फिल्टर तरी यंदा बदलून घ्या, त्यातला एखादा फुटला तर ट्रान्सफॉर्मर घेऊन जाईल आणि तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. एकेक बदला, प्रत्येक वेळी सेट चालवून बघा. रिलेही साफ केल्याने बरीच वर्षं जाईल पण एक शोधून ठेवा, कॉइलचं व्होल्टेज त्याच्यावरच छापलेलं असतं, पिनांची मांडणी जुळली पाहिजे, आणि जुना फेकायचा नाही.

उडीचं असं आहे. डायल फिरवतानाच होतं आणि ठराविक जागीच होतं, तर ट्यूनिंग कपॅसिटरच्या शाफ्टवर चिमट्यासारखी पत्ती टेकलेली असते, फिरत्या पानांना अर्थिंग देणारी, तिथलं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं. पण उघडायच्या आधी तुमच्या मित्राचा नवा सेट परत मागून आणा. तुमचा व्हीएफओ ८.७ ते ९.२ मेगाहर्ट्झमधे चालतो, मित्राचा सेट सीडब्ल्यूला (मोर्स मोडला) ठेवून तिथे ट्यून करा, वायरचा एक तुकडा त्याच्या अँटेनाला लावून तुमच्या सेटजवळ ठेवा, शिट्टी ऐकू येईल. मग तुमचा डायल त्या खराब भागात हळूहळू हलवा. शिट्टी सरकत जायला हवी, ती मधेच उडाली तर दोष व्हीएफओत. शिट्टी गुळगुळीत सरकली आणि तुमच्या सेटमधला आवाज मात्र उडाला, तर व्हीएफओला हात लावायचा नाही, बँडचा क्रिस्टल ऑसिलेटर बघायचा.

व्हीएफओ ठरला तर वरचं झाकण काढून त्या पत्तीच्या टोकाला सुईने क्लीनरचा एकच थेंब, डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-पंचवीस वेळा फिरवायचा आणि सेट रात्रभर तसाच ठेवायचा. आत ट्रिमर दिसतील, त्यांना स्क्रूड्रायव्हर लावायचा मोह होईल, लावू नका, एकदा डायलची दोन्ही टोकं हलली की महिना जातो.

शिट्टी ऐकून काय निघालं ते लिहा, पण नवीन धागा काढून, हा रिलेचा राहूदे.